हिवाळी वेळापत्रकात परतीचे थेट विमान गेले. कोणता पर्याय घ्यावा?

पैलतीर (विचारणा)

आईला घेऊन मी १७ ऑक्टोबरला युरोपात मावशीकडे जाणार आहे आणि गुरुवार, १२ नोव्हेंबरच्या थेट विमानाने आम्ही परतणार होतो. जाण्या-येण्याचे तिकीट एकाच पीएनआरवर, प्रवासाच्या दहा महिने आधी काढलेले आहे. काल, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, विमान कंपनीचा ईमेल आला. हिवाळी वेळापत्रकात या मार्गावरचे रोजचे थेट उड्डाण फक्त मंगळवार, शनिवार आणि रविवार असे राहणार असून, आम्हाला १२ तारखेलाच मध्ये एके ठिकाणी विमान बदलून आणले जाईल. विमान बदलायला ५५ मिनिटे मिळतात आणि आईला व्हीलचेअर लागते. शिवाय उतरल्यानंतरचे देशांतर्गत विमान मी दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या तिकिटावर घेतले आहे. नव्या वेळेप्रमाणे ते हुकणार हे निश्चित आहे.

शनिवारी, १४ तारखेला, मला कामावर हजर व्हायचे आहे. वाढीव खर्च मूळ तिकिटाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे झेपणार नाही. ईमेलमधले ‘स्वीकारा’ हे बटण मी अजून दाबलेले नाही. काय करावे?

सरळवाट

वयस्कर माणसांसोबत थेट विमानाखेरीज दुसरा विचारच करू नये, असे माझे ठाम मत आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्यावरही हीच वेळ आली, तेव्हा मी सगळे रद्द करून दुसऱ्या कंपनीच्या थेट विमानात बिझनेस क्लास घेतला. वडील पूर्ण रात्र आडवे झोपून आले. आई-वडिलांच्या बाबतीत खर्चाचा हिशेब मांडू नये.

दोनतिकिटी

५५ मिनिटांपेक्षा मला तुमच्या वेगळ्या तिकिटाची काळजी वाटते. माझे पहिले विमान चार तास उशिरा पोहोचले, पुढचे दुसऱ्या तिकिटावर होते, आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले. शेवटी पुढचे तिकीट पूर्ण वाया गेले. पहिल्या कंपनीची जबाबदारी तिच्या स्वतःच्या तिकिटावर लिहिलेल्या शेवटच्या विमानतळापर्यंतच असते, हे मला त्या दिवशी समजले. त्यामुळे पुढच्या टप्प्याची तारीख आजच बदलून घ्या, कारण प्रवास जवळ येईल तसा हा खर्च बहुधा वाढत जातो.

ऋतुचक्र

हा बदल नेमका ऑगस्टमध्ये का कळवला गेला, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जगभरातील विमान कंपन्यांचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले असते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे तुमचे जाणे उन्हाळी वेळापत्रकात आणि येणे हिवाळी वेळापत्रकात पडते. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, हंगामापुरत्या वाटून दिल्या जातात. मिळालेल्या मालिकेपैकी किमान ८० टक्के स्लॉट वापरले, तरच पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात त्यांवर कंपनीचा हक्क टिकतो. हिवाळ्यासाठी हा हिशेब ३१ ऑगस्टला कंपनीच्या हाती असलेल्या स्लॉटवर धरला जातो, म्हणून जी उड्डाणे चालवायची नाहीत त्यांचे स्लॉट त्याआधीच परत करण्याकडे कंपन्यांचा कल असतो. तुम्ही दहा महिने आधी विकत घेतलेले हिवाळी विमान त्या वेळी पक्के ठरलेलेच नव्हते. आता झालेली कपात मात्र ठरवून केलेली आहे. ‘कदाचित थेट विमान पुन्हा सुरू करतील’ या आशेवर थांबू नका.

उत्तरवारा

यात घड्याळाचा मुद्दा राहिला. त्याच रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि वेळापत्रक मुळात त्यामुळे बदलते.

ऋतुचक्र

उत्तरवारा, घड्याळामुळे फार तर एका तासाचा फरक पडतो, त्याने रोजचे विमान तीन दिवसांवर येत नाही. युरोपातून सुटण्याची स्थानिक वेळ बहुधा तीच राहते, आणि जिथे घड्याळे बदलत नाहीत तिथे पोहोचण्याची वेळ तासाभराने पुढे सरकते. उड्डाणे कमी होण्याची कारणे वेगळी आहेत: हिवाळ्यात प्रवासी घटतात, विमाने उष्ण प्रदेशांच्या मार्गांवर वळवली जातात आणि मोठ्या देखभालीची कामेही याच काळात उरकली जातात.

उत्तरवारा

मी पंधरा वर्षे हा प्रवास करत आहे आणि दर वर्षी ऑक्टोबरअखेर माझी वेळ बदललेली आहे. तेव्हा घड्याळाचा मुद्दा मी सोडणार नाही.

हक्काचीजागा

पैलतीर, कंपनीने आपणहून विमान रद्द केले आहे, तेव्हा युरोपच्या नियमाप्रमाणे नुकसानभरपाई मागा. त्यातून पुढचे तिकीट सहज निघेल.

कलमवाचक

हक्काचीजागा यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, निदान चौदा दिवस आधी कळवलेल्या रद्दीकरणाला भरपाई मिळत नाही, आणि इथे जवळपास तीन महिने आधी कळवले आहे. मात्र निवड करण्याचा हक्क शिल्लक राहतो: एकतर परतावा, नाहीतर तुलनीय परिस्थितीत दुसऱ्या विमानाने प्रवास, आणि तोही जागा असल्यास तुमच्या सोयीच्या तारखेला. परतीचे विमान संघातील देशातून निघत असेल, तर कंपनी कोणत्याही देशाची असली तरी हा नियम लागू होतो.

परताव्याच्या मोहात मात्र पडू नका. परतीच्या अर्ध्या भागाचे जे पैसे हातात येतील, त्यांत हिवाळ्यातले नवे एकेरी तिकीट क्वचितच मिळते. तुमच्या मर्यादेत बसणारा मार्ग म्हणजे त्याच कंपनीकडून विनाशुल्क बदल करून घेणे. फोन करण्यापूर्वी हव्या असलेल्या विमानाचा क्रमांक शोधून ठेवा आणि तोच मागा.

दूरदेशी

अमेरिकेत २०२४ पासून आंतरराष्ट्रीय विमानाच्या वेळेत सहा तासांचा आणि देशांतर्गत विमानाच्या वेळेत तीन तासांचा बदल झाला, किंवा मधला थांबा वाढला, तर प्रवाशाने पर्याय नाकारल्यावर पैसे परत मिळतात. मला असे पूर्ण पैसे परत मिळाले होते.

कलमवाचक

तो नियम अमेरिकेला जाणाऱ्या, तेथून निघणाऱ्या आणि तेथील अंतर्गत उड्डाणांचा आहे. या प्रवासाशी त्याचा संबंध नाही.

धावतापाय

५५ मिनिटांचा एवढा बाऊ कशाला करायचा? त्या विमानतळाला लागणाऱ्या किमान वेळेपेक्षा कमी वेळात जोडलेले तिकीट कंपनीची प्रणाली देतच नाही. मी चाळीस मिनिटांतही पुढचे विमान गाठले आहे.

सावकाशी

धावतापाय, तुम्ही तुमच्या पायांनी चालत होता. व्हीलचेअरच्या प्रवाशाला बहुतेक वेळा सर्वांत शेवटी उतरवले जाते. माझ्या सासूबाईंना विमानाच्या दारात पंचवीस मिनिटे थांबावे लागले, आणि विमान टर्मिनलपासून दूर उभे असल्यामुळे त्यांच्यासाठी लिफ्टची वेगळी गाडी यावी लागली. पुढचे विमान गेले. एकच तिकीट असल्याने कंपनीने दुसऱ्या दिवशी पाठवले, पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. निदान तीन तास तरी हवेत.

आणखी एक सांगते. विमान बदलले की व्हीलचेअरची नोंद, निवडलेल्या जागा आणि जेवणाची मागणी पुष्कळदा नव्या तिकिटावर उतरत नाही. बदलानंतर या तिन्ही गोष्टी फोन करून पुन्हा तपासा.

सरळवाट

म्हणूनच मी म्हणतो की मंगळवारचे, १० तारखेचे थेट विमान घ्या.

दोनतिकिटी

मलाही मंगळवारच योग्य वाटतो. दोन दिवस कमी झाले तर काय बिघडते?

ऋतुचक्र

मंगळवारचे थेट विमान विनाशुल्क मिळत असेल तर त्याहून चांगला पर्याय मला दिसत नाही.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारचे विमान विनाशुल्क मिळत होते, तरी ते मी घेतले नाही. आई आणि मावशी अकरा वर्षांनी भेटणार आहेत. दोन दिवस आधी निघूया का, असे विचारले तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही. कलमवाचक यांनी सुचवल्याप्रमाणे विमान क्रमांक शोधून फोन केला आणि १२ तारखेचेच, पण सकाळचे विमान मागितले. त्यात मधल्या विमानतळावर साडेसहा तास मिळतात. ते थेट विमानापेक्षा खूप लांबते हे मला मान्य आहे, पण आईला घाई होणार नाही. पुढच्या टप्प्याची तारीख बदलण्याचे शुल्क दहाव्या हिश्श्याच्या आत बसले.

सरळवाट

साडेसहा तास बसून राहणे आईंना जड जाईल. अजूनही विचार करावा.

पैलतीर

विचार झाला आहे आणि नवे ई-तिकीटही हाती आले आहे. सावकाशी, व्हीलचेअरची नोंद खरोखरच गळली होती. आज सकाळी फोन करून ती दोन्ही विमानांसाठी पुन्हा करून घेतली.