प्रोग्रेसिव्हचं माप नेमकं कुठं चुकलं?

खानापूरची चष्मेवाली

खानापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे, दीड वर्ष झालं. बायफोकल भरपूर दिले, तक्रार नाही. प्रोग्रेसिव्हचा (एकाच काचेत लांबचा नि वाचायचा नंबर, मधे रेघ नाही) हा चौथाच चष्मा आणि तो परत आलाय. गिऱ्हाईक म्हणजे मराठी शाळेतले निवृत्त गुरुजी, वय 61, ॲडिशन (वाचायचा वाढीव नंबर) 2.25. लांबचं स्वच्छ दिसतं. पेपर वाचताना मात्र हनुवटी वर करावी लागते, आणि पेपर उजवीकडं सरकवला की मगच अक्षर लागतं. माझ्यासमोर बसून त्यांनी करून दाखवलं. नंबर दोनदा तपासला, बरोबर आहे. पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) स्केलनं 63 मिलिमीटर आली, निम्मी करून दोन्हीकडं 31.5 लिहिली. उंची (बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत) 17 दिली. पेन्शनमधून पैसे भरलेत त्यांनी, मला रात्री झोप लागेना. काय चुकलं असेल?

निपाणीचा अण्णा

ताई, उत्तर गुरुजींनीच दिलंय की ओ. पेपर उजवीकडं सरकवतात म्हणजे दोन्ही लेन्सचे वाचायचे पट्टे त्यांच्या उजवीकडं सरकलेत. नाक सगळ्यांचं मधोमध नसतं. 63 ची निम्मी करायचीच नाही, प्रत्येक डोळ्याचं माप नाकाच्या मध्यापासून वेगळं घ्यायचं. प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली चढत जातो तो अरुंद पट्टीतून, दोन्ही बाजूंना धूसर असतं. बायफोकलमध्ये दीड मिलिमीटर खपून जातो, इथं नाही.

हनुवटीचं कारण उंची. माप घेण्याआधी फ्रेम बसवली होती का? काड्या कानामागं वळवून, नोजपॅड जुळवून, खालची कड गालाकडं 8 ते 12 अंश झुकवून, मगच मार्कर हातात घ्यायचा. सैल फ्रेम वर ढकलून माप घेतलं की घरी ती घसरते आणि वाचायचा भाग खाली जातो.

आणि बसवण्याची पद्धत. आमच्याकडं निम्मी गिऱ्हाईकं कानडी. 'मुंद नोड्री', म्हणजे समोर बघा, म्हटलं की फोटोला बसल्यागत हनुवटी वर करतात. मराठी माणसंही तसंच करतात. अशा वेळी उंची कमीच येते. मी आधी त्यांना दुकानात चार पावलं चालायला लावतो, बाहेरची पाटी वाचायला सांगतो, मग सहज बसवतो. मी समोर स्टुलावर, माझी नि त्यांची बुबुळं एका पातळीत. उभ्यानं वाकून बघितलं तर नजर तिरकी पडते आणि ठिपका खऱ्यापेक्षा वर पडतो.

मग माझा उजवा डोळा मिटतो, त्यांना माझ्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायला सांगतो, आणि त्यांच्या उजव्या बुबुळाच्या मध्यावर डेमो लेन्सवर (फ्रेमसोबत येणारी बिननंबरची काच) बारीक ठिपका देतो. डोकं न हलवता डोळा बदलतो, दुसरा ठिपका. ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेचा सर्वात खोल भाग जिथं असेल त्या पातळीपर्यंत उंची. हे दोनदा करतो. दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. 24 वर्षं झाली, घाई केली तेव्हाच चष्मा परत आलाय.

परत आलेला चष्माही तपासा. उजेडात तिरका धरा, बहुतेक लेन्सवर 34 मिलिमीटर अंतरावर दोन बारीक गोल कोरलेले असतात. त्यावर टिंबं द्या, कंपनीच्या तक्त्यावर ठेवा, क्रॉस (बुबुळासमोर यायला हवी ती खूण) कुठं आलाय ते काढा आणि गुरुजींच्या डोळ्यावर घालून बघा. चूक लॅबची की मापाची ते लगेच कळतं.

वडगावचा माग

मी साड्यांच्या मागावरचा माणूस, चष्मा घालणारा. माझ्या पाठीला बाक आलाय, त्यामुळं समोर बघताना मान मागं टाकतो. पहिल्यांदा दुकानदारानं 'ताठ बसा' म्हणून उंची घेतली आणि चालताना लांबचं धुरकट दिसू लागलं. क्रॉस नजरेपेक्षा वर आला होता. दुसऱ्यानं मला गल्लीत फिरवून, मी जसा उभा राहतो तसंच माप घेतलं. तो चष्मा दोन वर्षं लावतोय. गुरुजी घरी कसे बसतात ते विचारा एकदा.

खानापूरची चष्मेवाली

आज गुरुजींना बोलावलं. अण्णा, तुमच्या पद्धतीनं तीनदा माप घेतलं: उजवा 30, डावा 33. फ्रेम सैल होतीच, नोजपॅड आत घेऊन काड्या वळवल्या. उंची 19.5 आली. घरी ते खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसतात, ताठ. पहिल्या वेळी हनुवटी वर होती हे आता मला आठवतंय, कारण मी उभीच होते आणि ते मान मागं टाकून माझ्याकडं बघत होते.

नवीन लेन्स माझ्या खर्चानं मागवली. आल्यावर लॅबच्या खुणा पुसायच्या आधी डोळ्यावर घालून बघणार, मगच पुसणार.

निपाणीचा अण्णा

झाकून एकेक डोळ्यानंही वाचून घ्या तेव्हा. आणि पेपर त्यांच्याच हातात द्या, तुम्ही धरू नका.

खानापूरची चष्मेवाली

शुक्रवारी आली लेन्स. क्रॉस दोन्ही बुबुळांवर बरोबर बसला. गुरुजींनी पेपर छातीसमोर धरला, पहिल्या पानावरून सुरुवात केली आणि मधेच 'थांब' म्हणाले. भाताच्या दरांचं बारीक अक्षरातलं कोष्टक होतं, ते पूर्ण वाचूनच उठले.