मदत हवी आहे: नवशिक्यांच्या तांत्रिक प्रश्नांना उत्तर कसे द्यावे?

नमस्कार. लिनक्स नव्याने शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना मी काही वर्षांपासून जमेल तशी उत्तरे देत आलो आहे. हे काम मला मनापासून आवडते; मात्र अलीकडच्या एका प्रसंगानंतर माझी पद्धतच तपासून घ्यावी असे वाटू लागले आहे.

स्वतःच्याच फोल्डरमधील फाइल जतन करताना ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो, एवढेच लिहून एका विद्यार्थिनीने उपाय विचारला होता. ‘हे अगदी सोपे आहे’ असे म्हणून मी घाईघाईने, सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) वापरून संपूर्ण होम फोल्डरला, म्हणजे तिच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरला, ७७७ परवानगी (सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची मुभा) देणारी एका ओळीची कमांड तिला पाठवली. संदेश यायचा थांबला आणि तिने आभारही मानले. त्यानंतर मात्र तिला त्या संगणकावर एसएसएच किल्लीने (दुरून सुरक्षित जोडणी करताना पासवर्डऐवजी वापरायच्या फाइलीने) लॉग-इन करता येईना, कारण होम फोल्डरमध्ये इतर कोणालाही लिहिण्याची मुभा असेल, तर एसएसएच सर्व्हर तेथे नोंदवलेल्या किल्ल्या सहसा मानत नाही. मूळ दोष निराळाच होता. तिने आधी एक प्रोग्रॅम सुडो लावून चालवला होता आणि त्यामुळे काही फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, गेली होती. ती मालकी परत तिच्या नावावर करणे एवढाच खरा उपाय होता.

‘तुम्ही सोपे आहे म्हणालात, म्हणून पुन्हा विचारायला संकोच वाटला,’ असे तिने नंतर लिहिले. मधले दोन दिवस ती एकटीच झगडत होती, हे मला फार लागले.

मूळ अडचण कळण्यासाठी उलट प्रश्न विचारावे लागतात, पण नवख्या माणसाला ती उलटतपासणी वाटू नये यासाठी आपण काय करता? आणि मी दिलेल्या चुकीच्या उपायाची दुरुस्ती तिला कशी सांगावी?

प्रतिसाद:

आपण हे मोकळेपणाने मांडलेत, हे फार चांगले केलेत. प्रश्न विचारताना त्याचे कारणही सांगितले, तर तो उलटतपासणीसारखा वाटत नाही. नुसते ‘तपशील द्या’ म्हणण्याऐवजी मी असे लिहितो: ‘फाइल कोणाच्या मालकीची आहे ते पाहायचे आहे, म्हणून त्या फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ (फाइलींची तपशीलवार यादी दाखवणारी कमांड) चालवून दिसणारा मजकूर येथे चिकटवा; तिसऱ्या रकान्यात मालकाचे नाव असते.’ त्यामुळे तिला पुढच्या वेळी स्वतःच शोध घेता येतो.

‘सोपे’ हा शब्द मी पूर्णपणे टाळतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेल्या प्रयोगात काहींनी टेबलावर गाण्यांचा ठेका वाजवला. निम्मी गाणी ओळखली जातील असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याच्या कानी केवळ टकटक पडते. आपल्या कमांडचेही तसेच आहे.

दुरुस्ती सांगताना प्रथम चूक आपली होती हे स्पष्ट लिहा. मग मालकी परत घेण्याची कमांड द्या, होम फोल्डर ७५५, एसएसएचचा फोल्डर ७०० आणि त्यातील नोंदवलेल्या किल्ल्यांची फाइल व खासगी किल्ली ६०० करायला सांगा आणि प्रत्येक आकड्याने कोणाला काय करता येते, तेही सोबत लिहा.