वडिलांच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे नाण्यांतले जाणकार आहेत म्हणून लिहितेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

आम्ही मूळचे चिपळूणचे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चाळीसेक वर्षं नाणी जमवली. ओळखीच्या सोनारांकडे जाऊन बसायचे आणि मोडीत आलेल्यातून निवडून, वजनाचे पैसे देऊन घ्यायचे. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत, पुडीवर पेन्सिलीने वर्ष, आणि सगळ्या पुड्या पत्र्याच्या डब्यात. कोकणातल्या पावसाळ्यातही त्यांच्या नाण्यांना कधी काही झालं नाही.

अण्णा २०१८ साली गेले. डबा मी ठाण्याला आणला. पुड्या फाटायला आल्या होत्या, म्हणून मऊ प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम आणून सगळी नाणी त्यात भरली. मुलांना बघता येतील, हात लागणार नाही, असं मनात होतं. चांदीच्या रुपयांपैकी वीस अल्बममध्ये मावले नाहीत, ते वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावून ठेवले. अल्बम आणि ते पुडकं, दोन्ही लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, याचा तेव्हा विचारच केला नाही.

परवा आवराआवरीत अल्बम उघडला तर नव्या रेनकोटसारखा वास आला. पाव आणे आणि भोकाचे पैसे खिशांना चिकटलेत, वर हिरवा, बोटाला तेलकट लागणारा थर आहे. अल्बममधल्या चांदीच्या रुपयांत १९४४-४५ चे जास्त हिरवे आणि व्हिक्टोरिया राणीचे कमी, असं का? पुडक्यातल्या वरच्या रुपयावर राणीच्या गालावरून हनुवटीपर्यंत रबराची काळी रेघ उमटलीय आणि वितळलेलं रबर तसंच चिकटलंय.

सगळ्यात जास्त काळजी शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याची आहे. दोन आहेत. एकीवर ‘श्री राजा शिव’ मधल्या ‘जा’च्या कान्याला लागून फिकट हिरवी भुकटी दिसते, टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन जागी. ती चिकट नाही, कोरडी आहे.

घाबरून मी एक पाव आणा चिंच-मिठाने घासला. तो नव्या तांब्याच्या भांड्यासारखा गुलाबी झाला आणि बघून पोटात गोळा आला. तेव्हापासून कशालाच हात लावलेला नाही. आता काय करू? विकायची नाहीयेत, किंमत नकोय. अण्णांच्या हातची होती तशी राहावीत एवढंच.

प्रतिसाद १

ताई, थोडं खोबरेल लावून मऊ फडक्याने पुसा. आमच्याकडे देवाची तांब्याची भांडी तशीच ठेवतात.

प्रतिसाद २

कृपया खोबरेल नको. तेल कालांतराने खवट होतं, त्यात धूळ बसते आणि ते स्वतःच आम्लधर्मी होत जातं. पुसणंही नको, फडक्याच्या प्रत्येक फेऱ्याला बारीक ओरखडे पडतात. घासलेल्या पाव आण्याचं वाईट वाटतं. शंभर वर्षांचा तपकिरी रंग गेला की परत आणता येत नाही. पण तुम्ही एकावर थांबलात हे फार चांगलं झालं.

तुमचा अल्बम पीव्हीसीचा आहे, वासावरूनच कळतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. मऊ करायला त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं. जोडीला पीव्हीसी विघटित होऊन थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते तांब्याला लागलं की हिरवं होतं. तुमच्या रुपयांतला फरकही याच कारणाने. व्हिक्टोरियाच्या ११.६६ ग्रॅमच्या, म्हणजे बरोबर तोळाभर रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी. युद्धकाळात, १९४० पासून, ती ५० टक्क्यांवर आणली आणि तांबं ४० टक्के झालं. जास्त तांबं, म्हणून जास्त हिरवं.

चिकट थरासाठी प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत एकेक नाणं बुडवून ठेवा, वर काचेचं झाकण. प्लास्टिकची वाटी विरघळू शकते. काही तासांनी ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवून काढा आणि आपोआप सुकू द्या. घासायचं अजिबात नाही. खिडक्या उघड्या हव्यात, आणि गॅस, देवघरातली समई, उदबत्ती, काहीही पेटलेलं जवळ नको. ॲसिटोन क्षणात पेट घेतं. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

चिकटा निघेल. पण आम्लाने धातू खाल्ला असेल तिथले खड्डे राहतील, त्याची तयारी ठेवा.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ शी पूर्ण सहमत. भर घालतो ती शिवराईबद्दल, कारण तो आजार वेगळा आहे.

कोरडी, फिकट हिरवी, टोकरली तर भुरभुर पडणारी भुकटी म्हणजे तांब्यात शिरलेले क्लोराइड. दमट हवा मिळाली की ते आतून तांबं खात जातं आणि बाजूला पसरतं. त्यावर ॲसिटोनचा उपयोग नाही. ती शिवराई आजच बाकीच्यांपासून वेगळी काढा. लाकडी दातकोरणीने वरवरची भुकटी हलकेच उचला आणि नाणं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर ही क्रिया जवळजवळ थांबते. पंधरा दिवसांनी भिंगाखाली बघा. भुकटी परत आली तर घरी रसायनं लावत बसू नका, संवर्धकाकडेच न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं काम चालतं, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे. तिथे आधी चौकशी करून जा.

रबरात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. वितळलेलं रबर ॲसिटोनने मऊ पडलं तरी काळी रेघ राहील. फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय कुणीतरी सांगेल, तो करू नका. काळेपणासोबत जुनी झाकही जाते. एक रेघ आहे, राहू द्या.

आणि ताई, अण्णांच्या पुड्यांचे कागद तुम्ही टाकले का हो? पेन्सिलीने फक्त वर्षच होतं की आणखी काही? नाणं कुठून आलं हे एकदा हरवलं की ते जगातल्या कुठल्याही ॲसिटोनने परत येत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या प्रतिसादातला प्रश्न वाचून रात्री अकरा वाजता माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. कागद आहेत! टाकवले नव्हते. ६४ पुड्या मिळाल्या. काहींवर गावाचं नाव आहे, ‘संगमेश्वर’, ‘खेड’, आणि दिलेले पैसे. एकीवर ‘वासंतीच्या बारशाच्या दिवशी’ असं लिहिलंय. ते माझं नाव. हे मी आजवर वाचलंच नव्हतं.

पण कुठली पुडी कुठल्या नाण्याची, हे कसं जुळवू? एकाच वर्षाचे चार-चार पाव आणे आहेत.

प्रतिसाद ३

कागद तिरक्या उजेडात धरा. वर्षानुवर्षं एकाच नाण्याभोवती घडी असेल तर कडेचा गोल आणि कधीकधी अक्षरांचा उठाव कागदावर उमटलेला असतो. नाण्याच्या कडेला खोक किंवा झीज असेल तर तीही दिसते. जुळेल त्याचा आधी फोटो काढा. नाणं मात्र पुन्हा त्या जुन्या कागदात नको. कडक, कुरकुरीत मायलारचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट घ्या आणि पुडी वेगळ्या पाकिटात त्याच क्रमांकाने ठेवा.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी

चिकटा निघाला. अकरा पाव आण्यांवर डाग आणि खड्डे राहिलेत, बाकीचे बरे आहेत. अल्बम घराबाहेर काढला. नाणी आता बैठकीच्या खोलीतल्या वरच्या फळीवर, घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत आहेत. ६४ पैकी ३८ पुड्या जुळल्या. माझ्या बारशाच्या पुडीवर शिवराईच्या मागच्या ‘छत्रपति’मधल्या ‘पति’ची उलटी अक्षरं उमटलीत, म्हणजे शिवराईच. पण दोनांपैकी कुठली ते कळत नाही.

आजारी शिवराईवर भुकटी परत दिसतेय, एकाच जागी. अंजनेरीला फोन करून पुढच्या आठवड्यात जायचं ठरवलंय. नाणं आणि पुडी दोन्ही सोबत नेतेय. बरणीतून काढून प्रवासात नेताना काय काळजी घ्यावी, हे कुणी सांगेल का?