नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब युरोप: हौस की हट्ट?

मुठाकाठची

स्पष्टच लिहिते, राग मानू नका. शाळेला नाताळची सुट्टी लागली रे लागली की पोरंबाळं, आजी-आजोबा आणि भल्यामोठ्या बॅगा असं लटांबर घेऊन व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट गाठायची जी टूम निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही हे सगळं करून आलोय, त्यामुळे ऐकीव बोलत नाही.

लोक जातात कशासाठी? नाताळबाजार बघायला. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, वाफाळते मग. आता जरा तारखा बघा. आपल्याकडच्या कॉन्व्हेंट शाळा सुटतात साधारण २४ डिसेंबरच्या आसपास. न्यूरेंबर्गचा जगप्रसिद्ध बाजार संपतो २४लाच. ड्रेस्डेनचा, जो १४३४ सालापासून भरतोय, तोही २४ला. व्हिएन्नाच्या राटहाउससमोरचा, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा, २६ला. म्हणजे तुम्ही विमानातून उतरून, झोपेचं खोबरं झालेलं निस्तरून तिथे पोचेपर्यंत माणसं टपऱ्यांच्या फळ्या उचकटत असतात. हा बाजार नाताळची वाट बघण्याचा आहे, नाताळनंतरचा नाही, हे आपल्याकडच्या सहल-जाहिरातींत कुणी लिहीत नाही.

दुसरं, उजेड. डिसेंबरअखेर व्हिएन्नात सूर्य मावळतो चारच्या सुमाराला, बुडापेस्टात तर चारलाही पाच मिनिटं कमी असताना. सकाळी पावणेआठशिवाय उजाडत नाही. दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा, आणि त्यातला एक तास कपडे चढवण्यात जातो. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, दोन जोड मोजे, कानटोपी, मफलर, हातमोजे. सगळं चढवून, लिफ्टचं बटण दाबून झालं की धाकटा म्हणणार, ‘आई, शू.’ की पुन्हा पहिल्यापासून.

आणि बर्फ? या शहरांत नाताळात बर्फ असेलच याची काही खात्री नाही. आमच्या वाट्याला आलं ते करडं आभाळ आणि रिपरिप. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जा की!

डॅन्यूबकाठचा

असहमत. बरीच वर्षं व्हिएन्नात राहतोय, तेव्हा बाजू घेणारच.

बाजारांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. प्रागच्या जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत. २६नंतर आलं तरी मुलांना किंडरपुन्श मिळतो, म्हणजे दारू नसलेलं गरम फळांचं पेय, आणि गर्दी निम्मी असते.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. उन्हाळ्यात इथे पारा पस्तिशी ओलांडतो आणि कितीतरी जुन्या घरांत, हॉटेलांत एसी नसतो. घामाघूम पोरांना घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते मे-जूनवाल्यांना विचारा. हिवाळ्यात दुकान, ट्राम, संग्रहालय, दार उघडून आत पाऊल टाकलं की ऊब. आणि इथल्या मोठ्या संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. कुन्स्टहिस्टोरिशेस म्हणजे कलेचं संग्रहालय, नॅचरल हिस्टरी, बेल्वेडेर, सगळीकडे. त्यामुळे मुलं कंटाळली तर अर्ध्या तासात बाहेर पडता येतं, पैसे वसूल करायची सक्ती नाही.

माझे आईवडील आले होते ते डिसेंबरातच. कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये ब्रूगेल या जुन्या चित्रकाराचं १५६०चं एक मोठं चित्र आहे, गावाच्या चौकात खेळणारी दोनशेच्या वर मुलं. आई आधी नुसतीच बाकावर टेकली. मग उठली, चष्मा लावला आणि डाव्या कोपऱ्यात खाली बोट दाखवून म्हणाली, ‘अरे, ह्या सागरगोटे खेळतायत!’ खरंच, दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळत बसल्यात. मग नातीला घेऊन तिने आंधळी कोशिंबीर शोधली, चाक पळवणारी पोरं शोधली, उड्या मारणारी शोधली. पहारेकरी दोनदा म्हणाला, जरा मागे सरका. बाहेर पडलो तेव्हा अंधार पडला होता, पण त्याने कुणाचं काय बिघडलं?

अर्धवट_पुणेकर

वाचतोय. दोन्ही बाजू जोरात आहेत. चहा घेऊन बसलो आहे.

हिशेबनीस

भावनांत मी पडत नाही, आकडे मांडतो.

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी जून २०२४पासून ९० युरो झाली. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना माफ. वर व्हिसा केंद्राचा आकार वेगळा, विमा वेगळा. हे वर्षभर सारखंच. पण नाताळात विमानाचं काय होतं? परदेशातले आपले लोक डिसेंबरात घरी येतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जातात. तुम्ही इथून २४ला निघणार, १ किंवा २ जानेवारीला परतणार, म्हणजे दोन्ही वेळा त्याच गर्दीच्या दिवसांत. १० जानेवारीनंतर तेच तिकीट बघा आणि मग माझ्याशी बोला.

शिवाय २०२६चं कॅलेंडर बघा. २५ डिसेंबर शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार. ऑस्ट्रियात २४ला दुपारी दोनला दुकानांची शटर खाली, २५-२६ सार्वजनिक सुट्टी, रविवारी दुकानं तशीही बंद. म्हणजे गुरुवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत दूध-ब्रेडची बोंब. आपण लोक अपार्टमेंट घेतो ते कशासाठी? कुकरात खिचडी लावता यावी म्हणून. मग तांदूळ-डाळ बॅगेतून न्या, पण दही-भाजीचं काय? चेक देशात तर २५-२६ला मोठी दुकानं बंद ठेवायचा कायदाच आहे.

डॅन्यूबकाठचा

@हिशेबनीस, बोंब वगैरे काही नाही. व्हिएन्नात हाउप्टबानहोफ, प्राटरश्टर्नसारख्या मोठ्या स्थानकांतली सुपरमार्केटं सुट्टीच्या दिवशीही चालू असतात. रांग लागते हे मान्य. मेट्रो, ट्राम सगळे दिवस चालतात. पण बुडापेस्टात असाल तर जपून: तिथे २४ला दुपारनंतर मेट्रो-ट्राम आवरतं घेतात आणि संध्याकाळी मोजक्या रात्रीच्या गाड्या तेवढ्या उरतात. विमानतळावरून पाच वाजता आजींना घेऊन निघालात तर पंचाईत.

तिकिटाबद्दल तुमचं बरोबर. पण १० जानेवारीनंतर शाळा कोण बुडवणार?

निवृत्त_बाई

मघापासून बघतेय, आजी-आजोबांच्या नावाने तुम्ही सगळे भांडताय. आम्हाला कुणी विचारलंत का?

मी आजी. सत्तरी गाठलेली. लेकाबरोबर हिवाळ्यात गेले आहे आणि सुनेच्या माहेरच्यांबरोबर उन्हाळ्यातही. थंडीचा बाऊ तुम्ही तरणे लोक जास्त करता. लोकरीचे मोजे आणि चांगले बूट असले की थंडी सोसते. सोसत नाहीत ते प्रागचे दगडी रस्ते. ओले झाले की त्या गोट्यांवरून पाय कसा टाकायचा याचंच लक्ष, वर बघणार कधी? तिथल्या जुन्या चौकातलं प्रसिद्ध घड्याळ १४१०चं आहे म्हणे. मला आठवतात ते त्याच्यासमोरचे दगड. उन्हाळ्यात निदान बाकावर बसता येतं. हिवाळ्यात बाक ओले, आणि नुसतं बसायला जायचं तर कॉफी मागवावी लागते.

व्हिएन्नातली कॉफीहाउसं मात्र मला फार आवडली. एक कॉफी घ्या, सोबत पाण्याचा ग्लास येतो, तास-दीड तास बसा, कुणी बिल आणून आपटत नाही. मी आणि हे दोघं तिथे बसलो, पोरं तिकडे हिंडून आली. कुणाला कुणाची अडचण नाही.

माझा राग डिसेंबरावर नाही, तुमच्या यादीवर आहे. आमच्या टूरवाल्याने तीन राजधान्या आणि वर हालश्टाट हे तळ्याकाठचं गाव असं आठवड्यात बसवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. रोज पहाटे अंधारात बॅगा बाहेर, संध्याकाळी सहाला ‘इंडियन डिनर’, तेच पनीर तीच पिवळी डाळ. हालश्टाटला पोचलो तेव्हा धुकं, तळं कुठे आहे तेही दिसेना. गाइड म्हणे, फोटो काढून घ्या! कशाचा?

मुठाकाठची

काकू, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर मोदक. पण मग मुद्दा माझाच झाला ना? दिवस इतका आखूड असल्यामुळेच पहाटे अंधारात बॅगा बाहेर काढाव्या लागतात. जूनमध्ये त्याच टूरवाल्याने तेवढंच दाखवलं असतं आणि धाप कमी लागली असती.

आणि @डॅन्यूबकाठचा, सागरगोट्यांचा किस्सा गोड आहे, पण ते चित्र जूनमध्येही तिथेच असतं की हो.

निवृत्त_बाई

अगं बाई, जूनमध्ये ते लोक पहाटे पाचला उठवतील आणि रात्री नऊपर्यंत फिरवतील. उजेड आहे ना, म्हणून!

अर्धवट_पुणेकर

काकूंनी षटकार मारला. चहा संपला, दुसरा टाकतो.

मी मागे जर्मनीत नोकरीला होतो तेव्हाचं सांगतो, मुलांना काय आवडलं? संग्रहालय नाही, राजवाडा नाही. बाजारातला मग! त्यावर अनामत घेतात, रिकामा मग परत केला की पैसे परत. पोरांनी दोन मग परत करून चार युरो कमावले आणि दिवसभर टेबलांवर सोडलेले मग शोधत हिंडली. शेवटी टपरीवाल्या बाईने हसून हात जोडले.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी उपाशी राहत नाही. बटाट्याचे कार्टोफेलपुफर, चीजचं श्पेत्सले, भाजलेले चेस्टनट. हंगेरीतला लांगोश म्हणजे तर आपला भटुराच, फक्त वर लसूण, साय आणि चीज.

खारा_वारा

गोवेकर आहे, त्यामुळे नाताळ बघायला विमानात बसायची गरज मला कधी वाटली नाही. पण बसायचंच तर एवढं उत्तरेला कशाला? लिस्बन, सेव्हिल, अथेन्स ही युरोपातच येतात ना? लिस्बनला डिसेंबरात दुपारी पंधरा अंशांच्या आसपास असतं, सूर्य सव्वापाचनंतर मावळतो. पाऊस येतो अधूनमधून, छत्री न्या. जेरोनिमॉस मठात वास्को द गामाची कबर आहे. गोव्याच्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटतं ते लिहीत बसत नाही.

स्पेनमध्ये तर नाताळ संपतच नाही. ५ जानेवारीला संध्याकाळी तीन राजांची मिरवणूक निघते, रथांवरून मुलांवर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. माझी भाची छत्री उलटी धरून उभी होती. तिथल्याच पोरांकडून शिकली.

हिशेबनीस

५ जानेवारीला? २ तारखेला शाळा सुरू होते आमची.

खारा_वारा

मग तीन दिवस बुडवा. पृथ्वी थांबत नाही.

मुठाकाठची

@खारा_वारा, हे मात्र पटण्यासारखं आहे. माझं भांडण युरोपशी नाही, चार वाजताच्या काळोखाशी आहे.

बुडापेस्टला जाणाऱ्यांसाठी एक. सगळे सांगतात, हिवाळ्यात सेचेनी बाथमध्ये उघड्यावर गरम पाण्यात डुंबायची मजा काही औरच. असेल. पण तिथे १४ वर्षांखालच्या मुलांना आता घेत नाहीत. आम्ही दारावरची पाटी वाचून परत फिरलो आणि पोरगी हॉटेलपर्यंत रडत आली. सहकुटुंब जाताना असल्या गोष्टी आधी बघाव्या लागतात.

डॅन्यूबकाठचा

हो, हा नियम कडक आहे. लहान मुलं असतील तर व्हिएन्नातच शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय बघा. १७५२चं, आजवर चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं. हिवाळ्यात लवकर बंद होतं, सकाळीच जा.

काळोखाबद्दल एवढंच: ३१ला मध्यरात्री सेंट स्टीफन कॅथेड्रलची पुमरिन घंटा वाजते आणि लगेच ‘ब्लू डॅन्यूब’ची धून सुरू होते. रस्त्यात जो जिथे असेल तिथे वॉल्ट्झ हा जोडीचा नाच करायला लागतो, पोलीससुद्धा हसत बघत असतात. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला न्यू इयर कॉन्सर्ट, ज्याची तिकिटं आपल्यासारख्यांना सहसा मिळत नाहीत, तो राटहाउससमोर मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. हे मे महिन्यात दाखवा मला.

मुठाकाठची

मध्यरात्री सहा वर्षांच्या मुलाला घेऊन, फटाक्यांच्या धुरात, शून्य अंशात? फटाके उडवायला बंदी असूनही उडवतातच ना तिथे?

डॅन्यूबकाठचा

उडवतात. लहान पोर असेल तर गर्दीत नकाच जाऊ, खिडकीतून घंटा ऐका. रेडिओवर लागते.

निवृत्त_बाई

मला वॉल्ट्झ येत नाही, पण फुगडी येते. यंदा लेक पुन्हा विचारतोय. एकच शहर, आठ दिवस, टूरवाला नाही, या अटीवर हो म्हणणार आहे. @डॅन्यूबकाठचा, मेट्रोजवळ आणि लिफ्ट असलेलं राहायला कुठल्या भागात बघू? मधल्या शहरात परवडत नाही म्हणतात.

डॅन्यूबकाठचा

काकू, यू-१ या मेट्रोमार्गावर बघा, हाउप्टबानहोफच्या आसपास. खालीच सुपरमार्केट, मेट्रोला लिफ्ट, आणि मधल्या शहरात जायला दहा मिनिटं पुरतात. जुन्या इमारतीत घर घेताना लिफ्ट तळमजल्यापासून आहे ना ते लेखी विचारा; कधीकधी आधी अर्धा जिना चढावा लागतो आणि जाहिरातीत तरी ‘लिफ्ट आहे’ असंच लिहितात.

हिशेबनीस

आणि तिकीट आत्ताच काढा काकू. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, ऑक्टोबरची वाट बघू नका.

निवृत्त_बाई

लेकाला पाठवलं हे सगळं. त्याचं उत्तर: ‘आई, एकच शहर? मग प्राग कधी बघणार?’