गोल्डन पॉइंट आणि नाणेफेक

रग्बी लीगमध्ये नाणेफेकीनंतर पहिल्यांदा चेंडू ज्याच्या हाती येतो तोच संघ गोल्डन पॉइंटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, जिंकतो, असे म्हटले जाते; ते मला पूर्णपणे मान्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) या स्पर्धेत 2003 पासून ही पद्धत आहे: बरोबरी झाल्यास पाच-पाच मिनिटांचे दोन भाग खेळवले जातात, जो आधी गुण घेईल तो तत्क्षणी विजयी ठरतो, आणि साखळी सामन्यात तरीही कोंडी फुटली नाही तर गुण वाटून दिले जातात. 2015 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेतील पहिला चेंडू ब्रिस्बेन ब्रॉन्कोसच्या बेन हंटकडे आला. तो त्याच्या हातून निसटला, आणि थोड्याच वेळात जोनाथन थर्स्टनने फील्ड गोल (खेळ चालू असताना खांबांमधून मारलेली एका गुणाची किक) मारून नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजना 17-16 असे विजेते केले. त्याआधी थर्स्टनचीच विजयी ठरू शकणारी कन्व्हर्जन किक (ट्रायनंतर मिळणारी किक) खांबाला लागली होती!

माझा आक्षेप वेगळा आहे. ट्रायचे (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे) चार गुण असताना येथे एका गुणाची किक पुरेशी ठरत असल्याने दोन्ही संघ सहा टॅकलमध्ये (चेंडू सोडावा लागण्याआधी मिळणाऱ्या सहा प्रयत्नांत) केवळ किकसाठी योग्य जागा गाठू पाहतात, आणि खेळातील खरे आक्रमण मागे पडते. आपल्या प्रभादेवी-लालबागच्या कबड्डीत बरोबरीनंतर पाच-पाच चढाया मिळतात, म्हणजे दोघांनाही सारखी संधी असते आणि खेळ चढाई-पकडीचाच राहतो. एनआरएलने 2016 पासून बाद फेरीच्या आणि अंतिम सामन्यांत आधी ठरावीक जादा वेळ पूर्ण खेळवायला सुरुवात केली, तेच मला योग्य वाटते.