बिडाच्या (कास्ट आयर्न) इंजिन ब्लॉकला तडा गेलाय, घरी वेल्डिंग करू का? (नाशिक)

द्राक्षबाग_दिंडोरी:
राम राम मंडळी. विहिरीवर वडिलांनी घेतलेलं पाच एचपीचं किर्लोस्कर आहे, पाण्यावर थंड होणारं, लाईट नसली की अजून तेच कामाला येतं. परवा कूलिंगची नळी निसटली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, इंजिन तापून धूर मारायला लागलं तसं गड्याने घाबरून वरून बादलीभर गार पाणी ओतलं आणि ब्लॉकला बाहेरून चार इंचाचा उभा तडा गेला, पाणी पाझरतंय. घरी 200 अँपिअरची इन्व्हर्टर मशीन आहे, बागेचे अँगल, गेट वगैरे मीच जोडतो. साध्या रॉडने बीड जोडलं जाईल का? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, आणि खरं सांगायचं तर वडिलांची वस्तू भंगारात द्यायला मन होत नाही.

सातपूर_फिटर:
भाऊ साधा रॉड अजिबात लावू नको, हात जोडून सांगतो. बिडात कार्बन 2 ते 4 टक्के असतो, आपल्या अँगलच्या लोखंडात पाव टक्काही नसतो. साधा रॉड मारला की जोडाच्या कडेला बीड काचेसारखं कडक होतं, त्यात ड्रिलसुद्धा शिरत नाही, आणि गार होताना जोड आकसला की टणकन आवाज येऊन शेजारीच नवा तडा जातो. एका शेतकऱ्याने असंच करून आमच्याकडे आणलं होतं, चार इंचाचा तडा नऊ इंचांचा झाला होता, फार वाईट वाटलं.

आधी तडा नेमका कुठे आहे ते सांग. फक्त बाहेरच्या पाण्याच्या जॅकेटला, म्हणजे थंड करणारं पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीला असेल तर घरी होईल. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीत, किंवा हेडच्या (वरच्या झाकणाच्या) बसणीत गेला असेल तर घरी हात लावू नको.

द्राक्षबाग_दिंडोरी:
बाहेरच दिसतोय दादा. आत गेलाय का ते कसं बघू?

सातपूर_फिटर:
हेड उतरव, ब्लॉक पूर्ण मोकळा कर, रबराची एकही रिंग आत ठेवू नको. तेल-ग्रीस धुऊन काढ, मग तड्यावर रॉकेल लाव, दहा-पंधरा मिनिटं मुरू दे, कोरड्या फडक्याने पुसून घे आणि वर खडूची पूड चोळ. आत मुरलेलं रॉकेल खडूत उमटतं आणि तडा जिथपर्यंत आहे तिथपर्यंत रेघ दिसते. बोअरच्या बाजूनेही हेच कर. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तडा बहुतेक वेळा लांबच निघतो.

निफाड_शेती:
आमच्या ब्लॉकला मागे असंच झालं होतं, मी वेल्डिंगच्या फंदात न पडता घासून स्वच्छ करून मेटल एपॉक्सी (धातूची पूड असलेला, घट्ट होणारा लांबी) भरलं, दोन सीझन झाले थेंब नाही. जॅकेटमध्ये प्रेशर कितीसं असतं? फक्त डब्यावर किती डिग्रीपर्यंत टिकतं ते वाचून घ्या.

सातपूर_फिटर:
निफाडवाल्या भाऊंचं बरोबर आहे, तडा बारीक असेल तर एपॉक्सीच बरं. तरी वेल्डिंग करायचंच असेल तर निकेलचा रॉड घे, 2.5 एमएमचा, महाग असतो पण विचारलं तर नगावरही देतात. तड्याच्या दोन्ही टोकांना 3 एमएमचं भोक मार म्हणजे तो पुढे पळत नाही. ग्राइंडरने तड्यावर व्ही आकाराची खाच मार, मग गॅसच्या ज्योतीने शेकून आत मुरलेलं तेल जाळून टाक, जुन्या बिडात तेल फार खोल जातं आणि ते राहिलं तर जोडात नुसते बुडबुडे येतात. 60 ते 80 अँपिअरवर एका वेळी फक्त एक इंच मार, लगेच गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके दे म्हणजे आकसण्याचा ताण मोडतो, आणि हात लावून धरता येईल इतकं गार झाल्याशिवाय पुढचा इंच मारू नको. सलग पुढे जाऊ नको, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला. चार इंचाला अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. शेवटी कोरड्या रेतीत नाहीतर चुन्याच्या पुडीत पुरून रात्रभर ठेव, पाणी किंवा पंखा चुकूनही नको. आणि हे उघड्यावर कर, निकेलचा धूर छातीत जाऊ देऊ नको.

अंबड_टर्नर:
एक भर घालतो. आत तडा निघालाच तर सातपूर-अंबडला मेटल स्टिचिंग करणारं कोणी मिळतं का ते विचारा. त्यात उष्णताच नाही, तड्यावर ओळीने भोकं पाडून आटे असलेल्या पिना एकमेकींत गुंतवून बसवतात, त्यामुळे ब्लॉक वाकत नाही. गॅसवर पितळ मारणारे जुने मिस्त्रीही चांगलं काम करतात, पण आधी ब्लॉक सगळीकडून सारखा तापवतात का ते विचारून घ्या, एकाच जागी ज्योत धरणाऱ्याला देऊ नका.

द्राक्षबाग_दिंडोरी:
खडू लावून बघितला, तडा चार नाही साडेपाच इंच निघाला, पण बोअर कोरडा आहे, आतून एकही रेघ नाही! वरच्या टोकाला फट रुंद आहे म्हणून निकेलच घेतो. उद्या नाशिकला येतोय, चार रॉड पुरतील ना?

सातपूर_फिटर:
सहा घे. पहिला भंगार बिडाच्या तुकड्यावर मारून हात बसव. आणि जोडून झाल्यावर हेड चढवायच्या आधी जॅकेटची खालची तोंडं बंद करून पाणी भरून रात्रभर ठेव, बोअरमध्ये ओल आली तर इंजिन फिरवू नको, आधी इथे फोटो टाक.