होंडा सिटी: पाचवी पिढी की सातवी?

सांगलीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वापरलेली सेडान घ्यायचा विचार असल्यामुळे सध्या होंडा सिटीविषयी मिळेल ते वाचतो आहे, पण जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. २०२० साली आलेल्या गाडीला आपल्याकडे पाचव्या पिढीची म्हणतात, तर परदेशी लेखांत तिचाच उल्लेख सातवी पिढी म्हणून येतो. मूळची सिटी सेडान नव्हतीच, असेही एके ठिकाणी वाचले. दुसरे म्हणजे, १९९८ च्या गाडीविषयी जुने चालक अजूनही भरभरून बोलतात, आणि २००३ च्या गाडीचा विषय निघाला की नाक मुरडतात. २००३ च्या त्या गाडीत आधीपेक्षा कमी ताकदीचे इंजिन बसवण्यामागे कंपनीचा काय विचार असावा? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन.

जुनाचालक यांचे उत्तर

दोन्ही आकडे बरोबर आहेत; मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढाच फरक आहे. १९८१ साली होंडाने जपानमध्ये सिटी या नावाने एक छोटी, उभट बांध्याची हॅचबॅक आणली होती. तिच्या जोडीला मोटोकॉम्पो नावाची घडीची चिमुकली स्कूटरही विकायला ठेवली होती, जी गाडीच्या डिकीत मावत असे. १९८६ साली तिची बुटकी, रुंद दिसणारी दुसरी पिढी आली, आणि १९९४ नंतर जपानच्या बाजारातून हे नाव गेले. १९९६ साली थायलंडमध्ये ते पुन्हा वापरात आले, तेव्हा गाडी मात्र पूर्णपणे निराळी होती: होंडाच्याच जुन्या सिव्हिकच्या प्लॅटफॉर्मवर (मूळ सांगाड्यावर) बेतलेली, आशियाई कुटुंबांसाठी खास तयार केलेली चार दारांची सेडान. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून आपल्याकडे आली ती हीच. जपानच्या हिशेबाने ती तिसरी, आपल्या हिशेबाने पहिली.

तिचे कौतुक का होते, हे समजून घ्यायचे तर तेव्हाचा बाजार डोळ्यांपुढे आणावा लागेल. कॉन्टेसा आणि प्रीमियर ११८ एनई या गाड्या अनेक वर्षांपूर्वीच्या युरोपीय आराखड्यांवर चालल्या होत्या. मारुतीची एस्टीम आणि देवूची सिएलो यांनी थोडा बदल घडवला होता. अशा वेळी दीड लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन एका आटोपशीर, वजनाने हलक्या गाडीत मिळाले. २००१ साली व्हीटेक आवृत्तीत ही ताकद १०६ वर गेली. व्हीटेकमध्ये इंजिनाचे फेरे वाढले की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो, त्यामुळे व्हॉल्व्ह अधिक उघडतात आणि इंजिन वरच्या फेऱ्यांतही दमत नाही. पण मला विचाराल तर आकड्यांपेक्षा चालकाची जागा महत्त्वाची होती. बैठक खाली, डॅशबोर्ड त्याहून खाली, समोरची काच मोठी आणि खांब बारीक. घाटात वळण घेताना रस्त्याची कड थेट दिसायची. पुढच्या एकाही पिढीत हे मला पुन्हा मिळाले नाही, आणि २००३ ची गाडी तर माझ्या लेखी नावापुरतीच सिटी होती.

गॅरेजवाला_कोथरूड यांचे उत्तर

जुनाचालक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. माझ्या मते सिटीच्या साऱ्या प्रवासात सर्वांत धाडसी निर्णय २००३ चाच होता, आणि पुढच्या पिढ्या त्याच पायावर उभ्या राहिल्या.

ही गाडी होंडाच्याच जॅझ या हॅचबॅकच्या प्लॅटफॉर्मवर बांधलेली होती. त्या रचनेत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली नसून पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे मागची जमीन खाली जाते आणि लांबी फारशी न वाढवता मागे पाय पसरायला जागा मिळते, डिकीही खोल होते. इंजिन दीड लिटरचेच ठेवून त्याचा स्वभाव बदलला. आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत, आणि ते फेऱ्यांनुसार व भारानुसार किंचित पुढेमागे पेटतात, ज्यामुळे कमी पेट्रोलचे मिश्रणही पूर्ण जळते. अश्वशक्ती १०० वरून ७७ वर आली हे खरे, पण ज्याला रोज कार्यालयात जायचे आहे आणि सुट्टीत सगळ्या घराला घेऊन गावी जायचे आहे, त्याला ओढ लागते ती खालच्या फेऱ्यांत, आणि ती या इंजिनात चांगली आहे. तिसऱ्या गिअरवर ही गाडी रहदारीतून निमूटपणे चालते. ताकद हवी असलेल्यांसाठी पुढे व्हीटेक इंजिनही त्याच गाडीत परत आले.

सांगलीकर, तुम्ही झेडएक्स (याच पिढीची पुढची आवृत्ती) पाहणार असाल तर एक गोष्ट अवश्य तपासा. आय-डीएसआय इंजिनात एकूण आठ प्लग असतात. पुढचे चार चटकन हाताशी येतात, मागचे चार येत नाहीत. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत पुढचेच बदललेले असतात आणि मागचे वर्षानुवर्षे तसेच राहतात. गाडी आळशी वाटली की लोक इंजिनाला दोष देतात. आठही नवे बसवले की फरक लगेच कळतो.

इंधनविचार यांचे उत्तर

वरच्या दोन्ही मतांचा मेळ मला २००८ च्या गाडीत दिसतो. जागा जॅझच्या घराण्याची आणि आय-व्हीटेक इंजिनाची ताकद ११८ पीएस (पीएस हे अश्वशक्तीचेच मेट्रिक माप), त्यामुळे चालवणारा आणि मागे बसणारा दोघेही खूश होते. जुनी गाडी घ्यायची असेल तर माझे मत याच पिढीला आहे.

तिचा खरा अडथळा गाडीत नव्हता, इंधनाच्या दरात होता. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, डिझेल मात्र सवलतीतच राहिले. दोन्हींतली तफावत वाढत गेली आणि डिझेल इंजिनात मिळणाऱ्या फोक्सवॅगन व्हेंटो व ह्युंदाई व्हर्ना यांच्याकडे गिऱ्हाईक वळले. होंडाकडे तेव्हा भारतात देण्याजोगे लहान डिझेल इंजिनच नव्हते. दीड लिटरचे आय-डीटेक डिझेल इंजिन आधी २०१३ साली होंडाच्याच अमेझमध्ये आणि मग जानेवारी २०१४ मध्ये नव्या सिटीत आले. या सिटीचे जागतिक अनावरण नोव्हेंबर २०१३ मध्ये दिल्लीत झाले होते, यावरून कंपनीला भारताची बाजारपेठ किती मोलाची वाटत होती ते कळते. दुर्दैव असे की, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मुक्त झाले आणि ज्या तफावतीसाठी हा सारा खटाटोप केला, ती आटू लागली. २०२३ साली उत्सर्जनाचे अधिक कडक नियम लागू झाले तेव्हा डिझेल सिटी बंदच झाली.

सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले. २०२२ च्या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) सिटीविषयीही कोणी लिहावे. तीच घेण्याचा आग्रह घरी चालू आहे.

जुनाचालक

ती यंत्र म्हणून फार सुंदर आहे. शहरात इंजिन चाकांना जोडलेलेच नसते. ते जनित्र फिरवते आणि चाके विजेची मोटर ओढते. महामार्गावर एकसारखा वेग असला की क्लच लागून इंजिन थेट चाके फिरवते, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्स त्यात नाही. २०२२ साली तिचे प्रमाणित मायलेज लिटरला २६.५ किलोमीटर होते. मात्र बॅटरी डिकीत बसवल्याने साध्या सिटीची ५०६ लिटरची डिकी यात ३०६ लिटरवर येते. घरात चार माणसे असतील आणि सामान घेऊन प्रवास होत असेल, तर शोरूममध्ये जाताना आपल्या दोन मोठ्या बॅगा बरोबर न्याव्यात आणि त्या डिकीत प्रत्यक्ष ठेवून पाहाव्यात.